पंखा कुणाच्या डोक्यावर?

माझ्या कपाटाच्या तळच्या खणात २००८ सालचा एक मदरबोर्ड पडून आहे. इंटेलचा डी९४५जीसीएलएफ२. नाव बँकेच्या पासवर्डसारखं, आकार मात्र आटोपशीर: सतरा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. अ‍ॅटम ३३० हा प्रोसेसर त्यावर कारखान्यातच कायमचा झाळलेला. बोर्ड हातात घेतला की पहिली नजर जाते ती एका चिमुकल्या पंख्याकडे. चालू असला की तो डासासारखा गुणगुणतो. कुणालाही वाटेल, याच्याखाली प्रोसेसर असणार. तो तिथे नसतोच. प्रोसेसर शेजारी एका साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याखाली निवांत बसलेला असतो आणि वारा खात असते ती चिपसेटची चिप, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांच्यात निरोप पोचवणारी.

कारण साधं होतं. अ‍ॅटम ३३०साठी उष्णतेचा कमाल अंदाज ८ वॅट आणि त्याच्या जोडीला दिलेल्या जुन्या ९४५जीसी चिपसेटसाठी सुमारे २२ वॅट. नवरदेव सडसडीत, पण बरोबरच्या करवल्याच वजनदार. तेव्हा गाजावाजा झाला तो पहिल्या आकड्याचा. विजेचं बिल मात्र दोघांचं मिळून येतं. शिवाय या करवल्यांना हाय-डेफिनिशन चित्रपट उलगडता येत नव्हता आणि एकट्या अ‍ॅटमला ते ओझं पेलत नव्हतं. पुढच्याच वर्षी एनव्हिडियाने हाच प्रोसेसर आणि आपली जीफोर्स ९४००एम ही चिप अशी जोडी लावली, तिला ‘आयॉन’ नाव दिलं, आणि तोच अशक्त अ‍ॅटम ब्लू-रेवरचा १०८०पी चित्रपट दाखवू लागला. प्रोसेसर बदलला नव्हता, बोर्ड बदलला होता.

टीव्हीखाली ठेवायचा संगणक निवडताना म्हणूनच ‘प्रोसेसर कोणता?’ हा प्रश्न अर्धाच असतो, आणि ‘किती वॅट?’ हा तर त्याहून अर्धा. किती वॅट, कुठे मोजले, काय चालू असताना मोजले आणि त्या वेळी पडद्यावर काय दिसत होतं, एवढं सगळं एका वाक्यात आलं तर त्या आकड्याला काही अर्थ.

आधी ‘कुठे’. चिपच्या कागदावरचा वॅटचा आकडा हा तिला थंड ठेवणाऱ्यासाठी असतो. एवढी उष्णता वाहून न्यायची तयारी ठेवा, असं तो सांगतो. ती चिप संध्याकाळभर किती वीज खाईल हे नाही. ते भिंतीवरच्या सॉकेटपाशीच कळतं. त्यासाठी प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं. अमेरिकेत ‘किल-अ-वॉट’ नावाचा असा डबा घराघरांत पोचला. आपल्याकडे तशाच कामाचे डबे ऑनलाइन मिळतात. घेताना एवढंच पाहावं की तो खरे वॅट दाखवतो, नुसता व्होल्ट आणि अँपिअरचा गुणाकार करत नाही. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज बोर्डाला पुरवणारा भाग, वीज सलग धारेने ओढत नाही, घोटाघोटाने ओढतो. जुना, स्वस्त एसएमपीएस घेतला तर ०.३ अँपिअर गुणिले २३० म्हणजे ६९ असं उत्तर येईल आणि खरा वापर ४० वॅटच्या आसपास असेल. उसाच्या रसाच्या ग्लासात वर फेस असतो तसं हे. गुणाकार फेसासकट ग्लास मोजतो. घरगुती बिल रसाचं येतं.

वॅटमीटर विकत घ्यायचं नसेल तर घरात एक आधीपासून आहेच. वीज कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. समजा ३२०० छापलं आहे. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागिले ३२०० केलं की प्रत्येक लुकलुकीला ११२५ ज्यूल येतात. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ला त्यांनी भागा. उत्तर थेट वॅटमध्ये. २५ सेकंद लागले तर ४५ वॅट, ५० लागले तर साडेबावीस. दहा लुकलुकींचा वेळ घेऊन सरासरी काढली तर हे मोजमाप वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं येतं. अट एकच: फ्रिज, राउटर, पाण्याचा फिल्टर, मोबाइलचे चार्जर, सगळं बंद. घरच्यांची परवानगी हा या प्रयोगातला सर्वांत महागडा भाग आहे.

सॉकेटपाशी मोजलेल्या आकड्यात बोर्डाबरोबर एसएमपीएसही असतो आणि इथे बहुतेक तुलना फसतात. ‘८० प्लस’ ही कार्यक्षमतेची खूण २००४पासून आहे. तिची मूळ अट अशी की क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के वीज पुढे पोचली पाहिजे. २० टक्क्यांच्या खाली काय होतं, याबद्दल ही मूळ खूण गप्प आहे. होम थिएटरचा संगणक तर आयुष्य तिथेच काढतो. समजा बोर्ड, मेमरी आणि डिस्क मिळून ३० वॅट लागतात आणि डब्यात ४५० वॅटचा एसएमपीएस आहे. हा भार सात टक्केसुद्धा नाही. तिथे कार्यक्षमता ६५ टक्क्यांवर घसरली तर भिंतीतून ४६ वॅट जातील. त्याच बोर्डाला लॅपटॉपसारखा अडॅप्टर आणि बोर्डावरच खोचायची ‘पिको’ छापाची छोटी पट्टी लावली, आणि दोन्ही मिळून ८५ टक्के कार्यक्षमता आली, तर ३५ वॅट. अकरा वॅटचा फरक पडला आणि बोर्डाने त्यात काहीच केलेलं नाही. दोन परीक्षणांतले दोन आकडे शेजारी ठेवून ‘हा बोर्ड काटकसरी’ म्हणणारे लोक बहुधा दोन एसएमपीएसची तुलना करत असतात. त्यात अमेरिकेतले आकडे १२० व्होल्टवरचे. तोच एसएमपीएस आपल्या २३० व्होल्टवर एखाद-दोन टक्क्यांनी सरस चालतो.

म्हणून बोर्ड मोजायचा असेल तर बोर्ड सोडून बाकी सगळं तेच ठेवायचं. तोच एसएमपीएस, तीच मेमरी, तीच डिस्क, शक्य असेल तर तोच प्रोसेसर. संगणक सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही, कारण विंडोज तेवढ्यात अपडेट शोधते, फायलींची यादी लावते, आपलं घर आवरते. मग निवांत अवस्थेचा आकडा घ्यायचा. त्यानंतर अख्खा चित्रपट लावून शेवटी एकूण किती वॅट-तास गेले ते पाहायचं. तीस सेकंदांच्या लढाईच्या दृश्यावरून काढलेला आकडा म्हणजे घाटात मोजलेलं गाडीचं अ‍ॅव्हरेज.

असं नीट मोजलं की कळतं: चिपसेट तोच, प्रोसेसर तोच, तरी दोन कंपन्यांच्या बोर्डांत फरक पडतो. एक कारण प्रोसेसरजवळच्या त्या भागात असतं जो १२ व्होल्टचे साधारण एक-सव्वा व्होल्ट करतो. मजबुतीसाठी त्याच्या रांगाच रांगा लावलेल्या बोर्डावर हलक्या कामातही त्या सगळ्या जाग्या राहिल्या तर वाया जाणारी वीज वाढते. उलट तिथे फार काटकसर केली तर वेगळंच होतं. मार्च २००८मध्ये आलेला एएमडीचा ७८०जी चिपसेट होम थिएटरवाल्यांचा लाडका होता. पण त्यावरच्या काही स्वस्त बोर्डांवर लोकांनी १२५ वॅटचा फिनॉम प्रोसेसर चढवला आणि पुरवठ्याचे भाग अक्षरशः जळाले. दोष बोर्डाचा की चढवणाऱ्याचा, यावर तेव्हा बरीच हमरीतुमरी झाली. माझं मत: सॉकेटमध्ये बसतं ते चाललं पाहिजे, ही ग्राहकाची अपेक्षा गैर नव्हती.

दुसरं कारण जास्तीच्या चिप. दुसरं लॅन, जादा साटा, फायरवायर. वापरा न वापरा, प्रत्येकजण चहाचा कप धरून बसलेला. आजच्या बोर्डांवर तर एक गंमत होते. प्रोसेसर निवांतपणी टप्प्याटप्प्याने गाढ झोपेत जातो, पण लॅनची एखादी चिप आपला दुवा झोपवायला तयार नसेल तर ती एकटी अख्ख्या प्रोसेसरला वरच्या पायरीवरच अडवून धरते. तिसरं कारण बायोसमध्ये. वीजबचतीच्या काही सोयी कंपनीने मुळातच बंद ठेवलेल्या असतात. दहा मिनिटं बसून त्या चालू केल्या तर नवा बोर्ड घेतल्याइतका फरक पडू शकतो.

एकट्या प्रोसेसरचा वाटा हवा असेल तर त्याच्याजवळच्या चार टोकांच्या जोडणीकडे जायचं. तिथल्या पिवळ्या तारा एकत्र धरून क्लॅम्पमीटरच्या चिमट्यात घ्यायच्या आणि अँपिअरला १२ने गुणायचं. वायरमनकडचा साधा क्लॅम्पमीटर इथे शून्य दाखवतो, कारण तो फक्त एसी ओळखतो. डीसी वाचणाराच लागतो. काळ्या तारा चुकून चिमट्यात आल्या तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि पुन्हा शून्य. २०११पासून इंटेलचे प्रोसेसर स्वतःच्या विजेचा हिशेब स्वतःच ठेवतात आणि तो सॉफ्टवेअरने वाचता येतो. सोयीचं आहे, पण तो हिशेब प्रोसेसरच्या उंबरठ्यापर्यंतचाच. करवल्यांचं जेवण त्यात धरलेलं नसतं.

आता पडद्याकडे. १०८०पी चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं, प्रत्येकात सुमारे २१ लाख ठिपके, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच कोटी ठिपके. कच्चं साठवलं तर सेकंदाला साठ कोटी बिट लागतील. ब्लू-रे चित्रासाठी देतं जास्तीत जास्त चार कोटी. मधली पंधरापट घडी घालण्याचं काम २००३मध्ये ठरलेल्या एच.२६४सारख्या पद्धतीचं. घडी जितकी बारीक तितकी उलगडताना दमछाक. त्यातही बिटांच्या शेवटच्या आवळणीची एक रीत अशी आहे की पुढचं चिन्ह उलगडायला आधीचं हाताशी लागतं. एक माळ चार जणांना ओवायला देता येत नाही, तसं हे काम चार गाभ्यांत सहज वाटता येत नाही. म्हणून त्यासाठी वेगळी, ठरलेल्या साच्याची यंत्रणा चिपवर कोरली गेली. ७८०जीमध्ये ती होती, त्यामुळे त्यावर अगदी स्वस्तातला प्रोसेसरही ब्लू-रे दाखवू शकत होता. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या जी४५मध्येही ती होती. शिवाय आठ वाहिन्यांचा कच्चा आवाज एचडीएमआयमधून पाठवायची सोय होती, जी ७८०जीमध्ये नव्हती. मोठ्या स्पीकरवाल्यांनी या एका ओळीवर बोर्ड निवडले.

ही यंत्रणा चालते की नाही, हे पूर्वी सगळे प्रोसेसर किती टक्के गुंतला आहे यावरून ठरवायचे. या टक्केवारीवर माझा फारसा विश्वास नाही. काम हलकं असलं की प्रोसेसर आपला वेग निम्म्याहून खाली आणतो आणि मग त्या मंद वेगाचे ६० टक्के दाखवतो. बचत बंद केलेल्या शेजारच्या बोर्डावर तेच काम २५ टक्के दिसतं. टक्केवारी दुसऱ्याची चांगली, वीज पहिल्याची कमी. शिवाय सरासरी ३० टक्के असली तरी चित्रपटातल्या एखाद्या क्षणी, पाऊस, कारंजं, पक्ष्यांचा थवा असं काही आलं की, त्याच प्रोसेसरचा श्वास कोंडू शकतो. प्रत्येक चित्राला साधारण ४२ मिलिसेकंदांचा अवधी असतो. ४३वा लागला तर ते चित्र गळतं. म्हणून मोजायची ती गळलेली चित्रं. एमपीव्ही या प्लेअरमध्ये आय दाबला की हा आकडा पडद्यावरच येतो. यूट्यूबवर उजवी टिचकी देऊन ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की तिथेही मिळतो. तपासायला मी ब्लेंडर फाउंडेशनचा २००८मधला मोफत लघुपट ‘बिग बक बनी’ वापरतो. दहा मिनिटांत आटपतो आणि घरातली मुलं तक्रार करत नाहीत. खरी झटापट करायची तर एकाच जेलीफिशचं चित्रण वाढत्या बिटरेटने भरलेल्या फायली मिळतात. एकेक पायरी चढत जायचं आणि चित्र कुठे अडखळतं ते पाहायचं.

एकही चित्र गळलं नाही, तरी कॅमेरा संथपणे फिरताना मध्येच एक बारीकसा हिसका का बसतो? या प्रश्नाने २०१०च्या आसपास होम थिएटरवाल्यांची झोप उडवली होती. उत्तर १९५३पर्यंत मागे जातं. अमेरिकेने तेव्हा कृष्णधवल टीव्हीच्याच लहरींत रंग बसवला आणि आवाजाशी त्याची टक्कर होऊ नये म्हणून चित्रांचा वेग हजारात एक या हिशेबाने किंचित उतरवला: ३०चे २९.९७ झाले. चित्रपटही त्या जगात शिरताना २४ऐवजी २३.९७६ वेगाने धावू लागला आणि डीव्हीडी, ब्लू-रे करत तो खोडा आजही तसाच आहे. इंटेलच्या २०१०च्या आणि २०११च्या प्रोसेसरांतली अंगभूत ग्राफिक्स टीव्हीला २३.९७६ऐवजी सपाट २४ देत. फरक ०.०२४चा. पण त्यामुळे साधारण दर ४१.७ सेकंदांनी टीव्हीकडे दाखवायला नवं चित्र नसायचं आणि आधीचंच दुसऱ्यांदा दाखवलं जायचं. अडीच तासांच्या चित्रपटात असे सुमारे २१६ हिसके. वॅटमीटरला हे दिसत नाही, टक्केवारीला दिसत नाही, गळलेल्या चित्रांच्या यादीतही कधी कधी येत नाही. ते डोळ्याला दिसतं, आणि एकदा दिसलं की पुन्हा न दिसणं अशक्य. बरोबर पाहणाऱ्यांना हे कधीही सांगू नये. इंटेलने हा दोष २०१३मध्ये हॅसवेल पिढीत काढला.

आपल्याकडच्या टीव्हीची परंपरा ५० हर्ट्झची, त्यामुळे आपला खोडा वेगळा. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर २४चा चित्रपट सरळ २५च्या वेगाने पळवतात. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि नायिकेचा आवाज जरासा बारीक होतो. शिवाय प्रक्षेपणातलं बरंच चित्र अजून एकाआड एक ओळींचं असतं. त्या ओळी बोर्डावरच्या ग्राफिक्सने कशा सांधल्या, यावरून दर्जा चटकन कळतो. धावणाऱ्या फलंदाजाच्या पायांना कंगव्यासारखे दाते दिसले की समजावं. एचक्यूव्ही नावाच्या चाचणी-डिस्कमध्ये याचसाठी फडकणारा झेंडा असे. पट्टे तिरके होताना कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात का, ते पाहायचं. मला क्रिकेट पुरतं.

आज हा सगळा खटाटोप उरला आहे का? उरला आहे, आकडे बदललेत. ४के चित्र सेकंदाला ६०च्या वेगाने दाखवायचं तर जुन्या १०८०पी चित्रपटाच्या बरोबर दहापट ठिपके लागतात. यूट्यूब १०८०पीच्या वरचं चित्र व्हीपी९ किंवा २०१८मध्ये ठरलेल्या एव्ही१ पद्धतीने देतं. बोर्डावरच्या ग्राफिक्सला ती भाषा येत नसेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर येतं, पंखा चढतो आणि वॅट दुप्पट-तिप्पट होतात. इंटेलमध्ये एव्ही१ उलगडायची यंत्रणा २०२०च्या अकराव्या पिढीपासून आली. म्हणून २०२३मध्ये आलेला ६ वॅटचा एन१०० हा चिमुकला प्रोसेसर ज्या फायली पंख्याविना दाखवतो, त्याच फायलींनी काही वर्षं आधीचा महागडा आय७ घामाघूम होतो. जुना बोर्ड चालवायचा असेल तर प्रोसेसर बदलण्याआधी तो कोणती भाषा उलगडतो एवढं पाहावं.

आणि संगणक बंद असताना? तेव्हाही तो पूर्ण बंद नसतो. एसएमपीएसची ५ व्होल्टची एक बारीक धार बोर्डाला जागं ठेवते, म्हणून तर रिमोटच्या बटणाने तो उठतो. युरोपने २००८च्या नियमाने या अवस्थेला मर्यादा घातली: २०१०पासून एक वॅट, २०१३पासून अर्धा. एक वॅट वर्षभर म्हणजे पावणेनऊ युनिट. बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाची ओळ असते ती याचसाठी. ती चालू केली की ही धार जवळजवळ तुटते, पण मग अनेक बोर्डांवर रिमोटचा यूएसबी रिसीव्हरही मरतो आणि संगणक सुरू करायला सोफ्यावरून उठावं लागतं. अर्धा वॅट की उठणं, याचा मी दोन संध्याकाळी वॅटमीटर घेऊन अभ्यास करत होतो. झोपेच्या अवस्थेत किती, ईआरपीसकट किती, ईआरपीशिवाय किती, असा तक्ता केला. युरोपातल्या भिंतीवरच्या सॉकेटला सहसा बटण नसतं, आपल्याकडच्याला असतं. दुसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता आई नेहमीप्रमाणे दिवे मालवत हॉलमध्ये आली, तक्त्यावरून हात लांबवला आणि बटण खाली केलं. वॅटमीटरचा पडदाही विझला.